वाचायला वेळ देतो कोण?

“वाचायची आवड आहे हो दादा, पण वेळच मिळत नाही!” रविवारच्या अभ्यासवर्गाचे निमंत्रण घेऊन वस्तीत फिरताना बहुतेक घरांत मला हे वाक्य ऐकू येते. समोरचा माणूस खोटे बोलत नसतो. कोणी बारा तासांची वॉचमनची ड्युटी करून नुकताच आलेला असतो, कोणाला पहाटे पालिकेच्या सफाईच्या हजेरीला उभे राहायचे असते, कोणी ठेकेदाराकडे रोजंदारीवर जातो. अशा माणसाला “बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत होते, आणि तुम्हाला अर्धा तास मिळत नाही?” असे सुनावणे फार सोपे असते. मी स्वतः वर्षानुवर्षे सुनावले आहे. भाषणात टाळ्याही घेतल्या आहेत. आता सुनावत नाही. का सुनावत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आपला समाज पुस्तके विकत घेत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांसमोर केवढी गर्दी असते! विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर गाडीत उभ्याने आलेला माणूस वडापाववर दिवस काढतो आणि जाताना पिशवीत चार पुस्तके घालून नेतो. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती पुस्तके घरी येतात, शोकेसमध्ये तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी नीट लावली जातात आणि तिथेच राहतात. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ माझ्या घरी लग्नापासून आहे. मित्रांनी लग्नात भेट दिला होता. त्याच्यावरचा प्लॅस्टिकचा कागद अठरा वर्षे शाबूत होता. अभ्यासवर्ग घेणाऱ्याच्या घरची ही कथा! माझी वाचायची प्रत अभ्यासवर्गाच्या कपाटात असे, हे खरे. पण ती घरात कधी आली नाही, हेही तितकेच खरे.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. २०२२ चा वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने आमच्या विहारात रोज रात्री साडेआठला ग्रंथवाचन असते. त्रिशरण-पंचशील झाले की अर्धा तास वाचन, मग चार-दोन शंका आणि सरणत्तयं. वाचणारे ठरलेले असत. एक निवृत्त गुरुजी, पोस्टातले एक बंधू आणि रविवारी मी. ऐकायला मात्र निम्म्याहून जास्त बायका. त्या रात्री गुरुजींना ताप होता, पोस्टातले बंधू गावी गेलेले आणि माझी लोकल कल्याणला अडकलेली. महिला मंडळाच्या काकूंनी ग्रंथ उचलून माझ्या पत्नीच्या हातात दिला. “तू बारावी झालेली आहेस, तू वाच.” मी धावतपळत विहाराच्या दारात येऊन चपला काढत होतो, तेव्हा तिचे वाचन सुरू होते.

प्रकरण होते सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे. बाबासाहेबांनी ही कथा रूढ कथेपेक्षा वेगळी मांडली आहे, हे वाचकांना ठाऊकच आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून मध्यरात्री चोरपावलांनी निघून जाणारा राजपुत्र तिथे नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचा तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, त्यासाठी देशत्याग पत्करतो आणि आईवडिलांना, पत्नीला सांगूनसवरून घराबाहेर पडतो. यशोधरा रडून त्याची वाट अडवीत नाही. मीही तुमच्याबरोबर परिव्राजिका झाले असते, पण राहुलला सांभाळायचे आहे, अशा अर्थाचे ती बोलते. माझी पत्नी नेमकी तिथे अडखळली. ग्रंथ लांब धरला, पुन्हा जवळ आणला, एक ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, “काकू, नाही जमत मला आता. सवय गेली.” ग्रंथ तिने शेजारच्या नववीतल्या मुलीकडे दिला आणि वाचन संपेपर्यंत मान खाली घालून बसली.

घरी आल्यावर ती जेवली नाही. रात्री म्हणाली, “माहेरी होते तेव्हा महिन्याला दोन पुस्तकं वाचायचे मी. आता अक्षरं एकमेकांत शिरतात. बुद्धीच गंजली असेल माझी.”

बुद्धी गंजली नव्हती. डोळ्यांना नंबर लागला होता. शनिवारी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पाच मिनिटांत जवळचा चष्मा दिला. ज्याला आपल्या भाषेत चाळिशी म्हणतात, तीच ही चाळिशी. माणसाने चाळिशी ओलांडली की डोळ्यातले भिंग ताठर होत जाते, जवळचे धूसर दिसू लागते. शिकलेला असो की अडाणी, सर्वांनाच होते. दोन-तीन वर्षे तिला जवळचे नीट दिसत नव्हते. सुई ओवायला ती मुलीकडे द्यायची, मोबाईलवरचे मेसेज मुलीकडून वाचून घ्यायची. माझ्या ते लक्षात आले नाही. माझ्या स्वतःच्या चाळिशीला मात्र आठवडाभरही उशीर झाला नव्हता. ऑफिसात व्हाउचरवरचे आकडे पुसट दिसू लागले आणि तिसऱ्या दिवशी मी चष्मा लावून कामावर हजर! मग तिचे का कळले नाही? कारण घरात तिच्या हातात छापील कागद कधी जातच नव्हता. जिला वाचायला वेळ नाही, तिला दिसत नाही हे कोणाला कळणार? तिला स्वतःलाही कळले नाही.

मी कॉमर्सचा माणूस. हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. एका जुन्या डायरीत आठवडाभर दोन रकाने केले. एक माझा, एक तिचा.

माझ्या रकान्यात सकाळी सात दहाला घर सोडणे, अंबरनाथ ते सीएसएमटी जाऊन-येऊन तीन तास, ऑफिस, आणि रात्री पावणेआठला घर. लोकलमध्ये वाचता येते असे ज्यांना वाटते त्यांनी सकाळच्या गर्दीत कोपर वर करून दाखवावे. पूर्वी लोक वर्तमानपत्राची उभी चौघडी करून वाचत, तेवढीही जागा आता उरत नाही. एवढ्यापर्यंत माझी बाजू भक्कम होती. पण मोबाईल स्वतःच हिशेब ठेवतो, हे मुलाने दाखवून दिले. रोजची सरासरी दोन तास वीस मिनिटे! आठवड्याचे सोळा तास वीस मिनिटे. त्यात चळवळीच्या ग्रुपवरचे वाद, पुढे ढकललेले सुविचार, कोणाच्या तरी वाढदिवसाला केक. शिवाय बैठका. एका बॅनरवर कोणाचा फोटो मोठा असावा यावर आमची एक बैठक अडीच तास चालली होती. तीही मी डायरीत लिहिली.

तिच्या रकान्यात पहाटे पावणेपाच, कारण पाचला पाणी येते. चार डबे. नऊ ते साडेपाच कंपनीत पॅकिंगला. येताना भाजी, मग स्वयंपाक, जेवणे, भांडी, उद्याची कणीक. सव्वाअकराला दिवा बंद. ‘रिकाम्या हाताने बसली’ असा एक रकाना मी मुद्दाम ठेवला होता. विहारातला अर्धा तास सोडला तर तो आठवडाभर कोराच राहिला. सिरियल पाहतानाही हातात लसूण. आणि विहारातला तो अर्धा तास मिळावा म्हणून ती रात्रीची भाजी सकाळीच चिरून ठेवीत असे.

जमाखर्चात एक नियम असतो. एका खात्यात रक्कम जमा झाली, तर ती दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून गेलेली असते. माझा अभ्यासवर्ग, माझ्या बैठका, माझे भाषणासाठी टिपण काढणे, हे सर्व तास कुठून आले होते ते मला त्या डायरीत दिसले.

त्यानंतर बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा उघडले, आणि शंभरदा सांगितलेली गोष्ट मला नव्याने वाचता आली. परळच्या डबक चाळीतली एक खोली. त्यातच चूल, भांडीकुंडी, सरपण, माणसे. विद्यार्थी भीमराव संध्याकाळी लवकर झोपत. वडील सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागे राहत, मुलाला उठवीत आणि मगच स्वतः आडवे होत. भीमराव दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास करीत. ही गोष्ट आपण मुलांना ‘बघा, ते किती जागत!’ म्हणून सांगतो. पण दोन वाजेपर्यंत जागत होते कोण? पुढे १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनला ग्रंथालये पालथी घालत होते, तेव्हा इथे परळमध्ये मातोश्री रमाई काय हाल सोसून घर चालवीत होत्या, हेही आपण दर जयंतीला सांगतो. त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. त्यातला वेळेचा हिशेब सांगत नाही. बाबासाहेबांना वेळ ‘मिळाला’ नव्हता. तो त्यांना घरातल्या माणसांनी दिला होता.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांचे छोटे दुकान होते. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचत. लिहायला लागल्या तेही चोरून, आणि लिहिलेले वर्षानुवर्षे घरच्यांच्या नजरेपासून लपवून ठेवले. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले, तेव्हा महाराष्ट्राला कळले की या बाईजवळ काय होते. त्यांना वेळ कोणी दिला नाही, त्यांनी तो पुड्यांच्या कागदातून काढला. पण प्रत्येक बाईने तसा काढावा अशी अपेक्षा आपण ठेवायची काय?

चष्मा आल्यावर मी उत्साहाने ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ तिच्यापुढे ठेवले. ती म्हणाली, “अहो, लगेच एवढं जड कशाला? मला ‘जिणं आमुचं’ वाचायचंय. लग्नाआधी अर्धं राहिलंय.” चूक माझीच. वाचायचे कोणाला, आणि पुस्तक निवडणार मी! ते पुस्तक तिला आणून दिले. ते तिचे एकटीचे. दुपारी कंपनीत डबा खाल्ल्यावर ती पाच-सहा पाने वाचते. मैत्रिणी चिडवतात, मग “काय लिहिलंय सांग” म्हणतात.

आणि रात्री सर्वांनी मिळून वाचायचे, हेही ठरले. तिथे मात्र ‘निर्मूलन’च घेतले, त्यालाही कारण हिशेबच. हे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण. मंडळाला त्यातले विचार झेपले नाहीत, अधिवेशनच रद्द झाले. बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने दीड हजार प्रती छापल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. त्याचे लहान-मोठे सव्वीस भाग आहेत. रात्री एक भाग धरला तर सव्वीस रात्री. एका महिन्याच्या आत पुस्तक पूर्ण!

बारावीतला मुलगा लगेच म्हणाला, “पप्पा, सव्वीस दिवस भांडी कोण घासणार?” प्रश्न रास्त होता. ठरले असे : जेवणानंतर ती चष्मा लावून मोठ्याने वाचणार, आणि मोरीत एक दिवस मी, एक दिवस मुलगा. मोरी खोलीतच, त्यामुळे भांडी घासणाऱ्यालाही ऐकू येते. नळ तेवढा बारीक सोडायचा.

पहिल्या आठवड्यात फार बरे चालले असे लिहिले तर ते खोटे होईल. माझी कढई तेलकट राहायची आणि ती वाचता वाचता उठून यायची. दोनदा मुलीने तिला हात धरून पुन्हा बसवले. माझ्या आईला तर हे मुळीच पसंत नव्हते. “बाप्या माणसानं खरकटी काढायची? लोक काय म्हणतील?” आईला लिहिता-वाचता येत नाही. पण ती रोज ऐकायला बसू लागली. एके रात्री तिला जुन्या दिवसांची आठवण झाली. माझे वडील कामगार, सातवी शिकलेले. चाळीच्या सज्ज्यात बसून ते खैरमोडे यांनी लिहिलेल्या बाबासाहेबांच्या चरित्राचे खंड मोठ्याने वाचत आणि आजूबाजूच्या बाया तांदूळ निवडत ऐकत. मलाही ते अंधुक आठवते. मी ही आठवण भाषणात नेहमी अभिमानाने सांगतो. आई म्हणाली, “ऐकायला बोलवायचे आम्हाला. पुस्तक कुणी हातात दिलं नाही.” बोलून ती गप्प झाली. मी कढई घासत होतो, तशीच घासत राहिलो.

चौथ्या भागात बाबासाहेबांचा तो प्रसिद्ध मुद्दा येतो. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. पत्नीने तो दोनदा वाचला. दहावीतली मुलगी भावाकडे पाहून म्हणाली, “म्हणजे आपल्या मोरीसारखं.” त्या दिवशी पाळी मुलाची होती आणि तो दोस्ताकडे निघायच्या तयारीत होता. तो गेला नाही.

सव्वीस रात्रींचे पुस्तक आम्ही त्रेचाळीस रात्रींत संपवले. मध्ये पाहुणे आले, मुलाची परीक्षा आली, माझ्या दोन बैठका आल्या, आणि कित्येक रात्री तिलाच झोप आवरेना. काही भाग जड गेले, तर्ककठोर मराठी भाषांतर मुलांच्या डोक्यावरून गेले. असो. पण आता वादात मुलगी “कोणत्या भागात आहे ते?” असे विचारते. मोबाईलवर फिरणाऱ्या सुविचारांवर मला हा प्रश्न विचारायचे कधी सुचले नव्हते, आणि त्यातले काही मी स्वतः पुढे ढकललेले होते. मोबाईलला नुसती नावे ठेवण्यात मात्र अर्थ नाही. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड त्यावर वाचायला मिळतात, आणि रात्रपाळीच्या वॉचमन बंधूंना पुस्तकापेक्षा तेच सोयीचे पडते. एक बंधू गेटवर बसून रोज दोन पाने वाचतात आणि सकाळी सुटताना मला चहाच्या टपरीवर सांगतात.

जेथे एकट्याने जमत नाही तेथे घराने, आणि घराने जमत नाही तेथे विहाराने वेळ द्यावा. आमच्या विहारात पुस्तकांचे कपाट आहे, त्याला कुलूप आहे, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रात्री दहाला घरी येतात. ही गोष्ट किती विहारांची असेल, ते वाचकांनीच आपापल्या विहारात जाऊन पाहावे. आम्ही आता किल्ली महिला मंडळाच्या काकूंकडे दिली आहे. त्या दिवसभर घरी असतात आणि कोणी पुस्तक परत केले नाही तर दारात जाऊन उभ्या राहतात! दोन पुस्तके हरवली. पूर्वी एकही हरवत नव्हते, कारण एकही बाहेर जात नव्हते.

जयंतीच्या बैठकीत मी डोळे तपासणी शिबिराची सूचना मांडली. डीजेच्या खर्चाला हात लावायचा नाही या अटीवर ती मंजूर झाली. मंडपाच्या मागे एक टेबल आणि अक्षरांचा तक्ता, एवढ्यावर शिबिर झाले. रांग बायकांचीच मोठी होती. साठीच्या एका मावशींना चष्मा लावून तक्ता दाखवला, तर त्या म्हणाल्या, “मला वाचता येत नाही, पण कुंकवाच्या डबीसारखं हे गोल काळं दिसतंय बघ.” त्या आता सुई स्वतः ओवतात. मला फक्त वाचन दिसत होते, त्यांना गोधडी.

यंदाच्या वर्षावासाची वाचनाची यादी गुरुजींनी परवा काढली. पहिल्यांदाच तीत सात बायकांची नावे आहेत. माझी पत्नी बुधवारी वाचणार. आणखी चार जणींनी “चष्मा झाल्यावर नाव घाला” असे सांगितले आहे. त्यांना येत्या शनिवारी डॉक्टरांकडे घेऊन जायचे आहे. त्या दिवशी चारही घरी संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, हे विचारायला आज रात्री मी आणि गुरुजी निघालो आहोत.